शिक्क्यावरची तारीख

खडकवाडी, चाकूर
७ नोव्हेंबर १९८२

प्रिय शीला,

पत्त्यात ‘प्राध्यापिका पंचशीला’ असं लिहिलं की आमचा पोस्टमन पाकीट उलटंपालटं करून बघतो. उदगीरच्या बोर्डिंगात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारी, माझी वही बघून भूगोलाचे नकाशे काढणारी पोरगी आता नांदेडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, हे त्याला कुठून ठाऊक असणार! त्यात माझं नशीब असं की तुझं माहेर तेच माझं सासर झालं. म्हणजे गावाच्या नात्यानं तू माझी नणंद. गावात हे मोठ्यानं म्हणायची सोय नाही, म्हणून बंद पाकिटात म्हणून घेते. वन्सं, नमस्कार!

तुझे अप्पा बरे आहेत. पाऊस असा दगा देऊन गेला की तुमच्या वस्तीवरची विहीर दसऱ्यालाच आटली. अप्पा आता सकाळची घागर आमच्या विहिरीवरून नेतात आणि संध्याकाळची शेषेराव भाऊजींच्या. घागर काठावर ठेवून लांब उभे राहतात, गडी ओततो. तुला हे नवीन नाही. दोन्हीकडून एकेक घागर का, तर ‘व्यंकटी त्या बाजूचा झाला’ असं अप्पांबद्दल कुणी म्हणू नये.

कारण गावात आता बाजू झाल्यात. सोळा ऑगस्टला आपला लातूर जिल्हा झाला, पेढे वाटले, आणि तीनच दिवसांनी पोळ्याला आमच्या घरात जुंपली. हे आणि शेषेराव भाऊजी चुलत भाऊ. आजोबा होते तोवर दोघांची दावण एकच होती, आणि पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जायची ती त्या दावणीची जोडी. यंदा वाटण्या झालेल्या. दोघंही आपापली जोडी घेऊन एकदम तोरणापाशी आले, बैलांची शिंगं अडकली, तोरण तुटलं. तेव्हा गावातल्या जुन्या माणसांनी निकाल दिला, “फुडल्या पोळ्याला ज्याची दावण भरल्याली, त्याचा मान.”

झालं! आमचे हे म्हणतात, “शेषेराव तिसरी जोडी बघून राहिलाय. आपुन गप बसावं काय?” तिकडंही हेच बोलणं चालू असणार. चारा नाही, पाणी नाही, आणि बैल मात्र वाढवायचे. तू एवढी शिकलीस, तर सांग, ह्या दोघांना झालंय काय?

तुझी,
तारा


नांदेड
२० नोव्हेंबर १९८२

प्रिय तारा,

वहिनीसाहेबांना नणंदेचा नमस्कार. इथे गोदावरी उशाशी असून नळाला एक दिवसाआड पाणी येतं. विष्णुपुरीच्या धरणाचं काम चाललं आहे, ते झालं की बघा, असं सगळे एकमेकांना सांगतात.

योगायोग बघ. या टर्मला मी दोन महासत्तांची अण्वस्त्रांची चढाओढ शिकवते आहे. मुलं विचारतात, “मॅडम, सगळं जग एकदा जाळायला पुरेल एवढं आहे ना, मग आणखी कशाला?” मी फळ्यावर कारणं लिहिते, मुलं ती वहीत उतरवतात, आणि पटलं कुणालाच नाही हे मला त्यांच्या तोंडावर दिसतं. खरं सांगायचं तर मलाही ते तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा नीट कळलं. रामकिशन पाटील म्हणणार, माझी तिसरी जोडी फक्त माझा मान राखायला आहे. पण मनातला हेतू समोरच्याला दिसत नाही, दिसते ती दावण. शेषेराव पाटील ती मोजणार आणि तेही मान राखायलाच आणखी एक आणणार. दोघेही आतून घाबरलेले, आणि दोघांनाही समोरचा चालून येतोय असं वाटतं. अमेरिका आणि रशियाचं याहून फार वेगळं नाही. मागे हटावं असं दोघांनाही वाटत असेल, पण आधी कोण हटणार?

एक विचारू? तुझ्या पत्रात सगळं ‘ह्यांनी’ आणि ‘भाऊजींनी’ केलेलं आहे. तू कुठे होतीस? बोर्डिंगात कंदिलाची काच फुटली तेव्हाही तू वाऱ्याचं नाव घेतलं होतंस.

तुझी,
शीला


खडकवाडी
१९ डिसेंबर १९८२

प्रिय शीला,

ती काच वाऱ्यानंच फुटली होती.

पण विचारलंसच, तर ऐक. महिन्यापूर्वी विहिरीवर तुळजाबाई भेटल्या, शेषेराव भाऊजींच्या मंडळी. नात्यानं माझ्या थोरल्या जाऊबाई. हसत हसत विचारलं, “तारामती, औंदा पुरंल का गं कडबा तुमाला? न्हाईतर सांग, आमी हाव की.” ते ‘आमी हाव की’ मला असं झोंबलं की मी म्हटलं, “जाऊबाई, आमच्याकडं दोन सालाचा हाय.” बोलून बसले. घरात होता तो होळीपर्यंत पुरेल की नाही एवढा. ह्यांना सांगताना भीत होते, तर हे उलट खूश झाले. म्हणाले, “मग दिसाया तर पायजे!”

आता हसू नको. आम्ही दोघांनीच मिळून शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याशेजारी, गंजी रचली. आत तुराट्यांचा सांगाडा आणि बाहेरून कडब्याच्या पेंढ्यांचा एकच थर. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, चांगली दोन वर्षांची बेगमी आहे. आतून एवढी पोकळ की माझी मोगरी निवांत उभी राहील.

मोगरी आठवते ना? माझ्या लग्नात देवणीहून बाबांनी पाठवलेली पांढरी कालवड. आता ती गाभण आहे, वैशाखात व्यायची आहे. बाबा गेले, देवणीच्या घराला कुलूप लागलं. माहेरचं म्हणून माझ्याजवळ एवढी एकच राहिली. बैल ह्यांचे, मानही ह्यांचा. मोगरी तेवढी माझी.

गंजीचं तुझ्यात नि माझ्यात. तुला शपथ आहे.

तुझी,
तारा


नांदेड
५ जानेवारी १९८३

प्रिय तारा,

तुझं पत्र वाचून स्टाफरूममध्ये एकटीच मोठ्यानं हसले. मग घरी येऊन पुन्हा वाचलं आणि हसू गेलं.

हा डाव जुना आहे, बाई. महासत्तांतही एकानं नसलेली अस्त्रं असल्याचा आव आणला. दुसऱ्यानं तो खरा मानून घाबरून खरोखरची बनवली. मग आव आणणाऱ्यालाही ती बनवणं भाग पडलं. तुझी गंजी पोकळ आहे हे तुला माहीत. तुळजाबाईंना ती भरलेलीच दिसते. त्या गप्प बसतील असं कशावरून? माझं ऐक, एखाद्या दुपारी त्यांना आखाड्यावर ने आणि पेंढी बाजूला करून आत काय आहे ते दाखव. आत्ता हसण्यावारी जाईल, उन्हाळ्यात जाणार नाही.

परवाच्या तासाला मी पोळ्याचं उदाहरण देणार आहे. गावाचं नाव नाही, माणसांची नाहीत, गंजीचा तर विषयच नाही. फक्त तोरण आणि दोन दावणी. मोगरीला माझ्या नावानं गुळाचा खडा दे.

तुझी,
शीला


खडकवाडी
२ फेब्रुवारी १९८३

पंचशीला,

शेषेराव भाऊजींची महानंदा संक्रांतीला घरी आली होती. ती तुझ्या वर्गात बसते हे मला तिच्या आईच्या तोंडून कळलं, तुझ्या पत्रातून नाही. विहिरीवर चार बायकांसमोर तुळजाबाई म्हणाल्या, “आमच्या नंदीला म्याडमनी आपल्याच पोळ्याचा धडा शिकीवला म्हनं.” आणि माझ्याकडं टक लावून बघत राहिल्या. काय बघत होत्या? नुसतं बघत होत्या की काही कळलंय म्हणून बघत होत्या? मला चार रात्री झोप नाही. गंजीचं तू बोललीस का? आडवळणानं नको, सरळ सांग.

इथं धोंडप्पाची चंगळ आहे. बैलांचा दलाल. आमच्या ओसरीवर चहा घेतो आणि सांगतो, “तिकडं नवी जोडी येऊन राहिली.” तिथून उठतो, तिकडं जाऊन चहा घेतो आणि आमच्याबद्दल तेच सांगतो. हे मला माहीत आहे, ह्यांनाही माहीत आहे. मी म्हटलं, “खोटं बोलून राहिलाय त्यो.” हे म्हणाले, “आन् खरं असलं तर?” त्या ‘असलं तर’वर आमच्या दावणीला तिसरी जोडी आली. आठ दिवसांत तिकडंही आली. आणि आता भाऊजींची गंजी आमच्याहून हातभर उंच दिसते. असल्या सालात एवढा कडबा कुठून आणतात, देव जाणे.

तू म्हणालीस उघडून दाखव. आता दाखवली तर गाव हसेल आणि हे मला जन्मभर बोलतील.

तारा


नांदेड
१४ फेब्रुवारी १९८३

तारा,

सरळ विचारलंस, सरळ सांगते. गंजीबद्दल माझ्या तोंडून एक अक्षर गेलेलं नाही. महानंदा माझ्या वर्गात आहे हे मी लिहिलं नाही, कारण साठ मुलांच्या वर्गात ती तिसऱ्या बाकावर बसते आणि ती कुणाची आहे हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. तासानंतर ती मला भेटली, हे खरं. अभ्यासाचं बोलली. घरचं काही बोलली नाही.

मला वाईट वाटलं, तारा. आणि एक विसरू नको. माझे अप्पा तिथे राहतात. तुम्ही पाटलाच्या घरच्या. तुमचं भांडण झालं तर अबोला होतो, उद्या मिटतं. माझ्या तोंडून निघालेला शब्द माझ्या नावावर राहत नाही, तो अप्पांच्या घागरीवर जातो. म्हणून मी मुळातच कमी बोलते. तू मात्र पत्रातल्या प्रत्येक ओळीखाली काहीतरी दडलंय असं धरून वाचायला लागली आहेस.

शीला


खडकवाडी
२० मार्च १९८३

प्रिय शीला,

मागचं पोटात घाल. माझं चुकलं असेल.

चाकूरला सरकारनं गुरांची छावणी उघडली आहे. जनावर नेऊन बांधायचं, चारा-पाणी तिथं मिळतं. आसपासच्या गावांची गुरं गेली. आमच्या गावातून फक्त दोन दावणी जागच्या हलल्या नाहीत. ह्यांचं म्हणणं, जो आधी चाकूरच्या रस्त्याला लागेल त्याची गंजी रिकामी, हे जगजाहीर झालं. मग पोळ्याचा मान विसरा. “आधी शेषेराव निघू दे, मंग त्याच दिशी मीबी निघतो.” एवढंच एक वाक्य सकाळ-संध्याकाळ.

मी रोज गंजीच्या पाठीमागून पेंढ्या काढते. समोरून ती तशीच उभी आहे. जे निघतं ते बैलांना, कारण बैल रस्त्यावरून दिसतात. मोगरी गोठ्यात आत असते. तिला मी लिंबाचा पाला घालते, बाभळीच्या शेंगा वेचून आणते. तिच्या बरगड्या मोजता येतात आणि पोट तेवढं मोठं दिसतं. एकटीला छावणीला नेते म्हटलं तर हे म्हणतात, “एक गेली काय आन् समदी गेली काय, लोक एकच समजतेत.”

शीला, एकच मागते. महानंदाला सहज विचारल्यासारखं करून विचार, त्यांच्याकडं कडबा किती उरलाय. त्यांचाही संपत आला असेल, तर मी ह्यांना तसं सांगेन आणि हे उद्या निघतील. त्यांच्याकडं भरपूर असेल तर हे काही हलायचे नाहीत, मग मला दुसरं काही बघावं लागेल. तुझ्या एका ओळीवर माझी मोगरी आहे.

तुझी,
तारा


नांदेड
२८ मार्च १९८३

प्रिय तारा,

पत्र मिळालं. महानंदाला मी असं विचारू शकत नाही. ती माझी विद्यार्थिनी आहे. तिच्या घरी काय आहे, काय नाही, हे मला माहीत नाही आणि मी माहीत करून घेणं बरंही नाही. छावणीला आधी जाण्यात कमीपणा कसला, हे तू रामकिशन पाटलांना समजाव. ते ऐकतील.

परीक्षा तोंडावर आल्या आहेत, पेपर काढायचे आहेत. म्हणून आज एवढंच.

शीला


नांदेड
९ एप्रिल १९८३

तारा,

मी तुझ्याशी खोटं बोलले. एकदा नाही, दोनदा.

जानेवारीत त्या तासानंतर महानंदा स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, हे आमच्याच गावाचं हाय ना? आमच्या आईनं गंजी पोकळ रचलीय, तारामती काकूंची लई मोठी दिसली म्हणून. कुणाला सांगू नका, बाबांची मान खाली जाईल.” मी तिला शब्द दिला. तुला आधीच दिला होता. तेव्हापासून दोन्ही गंज्या पोकळ आहेत हे ठाऊक असलेली मी एकटीच आहे.

परवा ती पुन्हा सांगत होती. त्यांचा कडबा संपला आहे. छप्पर उसकटून बैलांना घालताहेत. तिचे वडीलही रोज हेच म्हणतात, आधी रामकिशन निघू दे. तुम्ही त्यांची वाट बघताय आणि ते तुमची.

पत्र हातात पडेल त्याच दिवशी मोगरीला घेऊन छावणीला जा. कुणासाठी थांबू नका. हे कुणाकडून कळलं ते मात्र सांगू नको. अप्पा तिथे आहेत.

शीला


खडकवाडी
२४ एप्रिल १९८३

पंचशीला,

तुझं नऊ एप्रिलचं पत्र परवा बावीसला मिळालं. मोगरी पंधराला गेली.

सकाळी ती उठली नाही. मी दुपारपर्यंत तिच्या तोंडाशी पाणी धरून बसले. पोटावर हात होता. आतलं वासरू हलायचं थांबलं ते हाताला कळलं. ती त्यानंतर तासाभरानं गेली. पांढरं जनावर, पण मातीच्या रंगाचं झालं होतं.

मग मी आखाड्यावर गेले आणि गंजीच्या समोरच्या, रस्त्याकडच्या पेंढ्या ओढायला लागले. भर दुपारी. रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. हे पळत आले, “काय करून राहिलीस? येड लागलं का?” मी म्हटलं, “बघू द्या की गावाला. मोगरी काय खाऊन मेली ते बघू द्या.” शेवटी तुराट्यांचा सांगाडा उघडा उभा राहिला. कुणी हसलं नाही. हे तिथंच ढेकळावर खाली बसले. मला त्यांची दया आली नाही.

संध्याकाळी तुळजाबाई आल्या. पोळ्यापासून पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याच्या आत. माझ्या शेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, “तारामती, आमचीबी तशीच हाय गं. तुजी बघून रचली. म्या म्हनलं, हिच्याकडं दोन सालाचा, आन् आपल्याकडं…” दोन सालाचा हे मी बोलले होते. विहिरीवर, हसत हसत. वाऱ्यानं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही दावणी छावणीला निघाल्या. तेव्हाही कुणी कुणाच्या मागं चालेना. एका गाडीची वाट, तरी दोघं शेजारी शेजारी, बैल काट्याकुट्यातून ओढत.

आणि मग तुझं पत्र आलं. आधी मी पत्ता बघितला. ‘जि. उस्मानाबाद’. वीस वर्षं अप्पांना पत्रं लिहून तुझा हात तसाच वळतो. पत्र उस्मानाबादला फिरून आलं होतं. मला केवढं बरं वाटलं, सांगू! म्हटलं, शीलानं वेळेत कळवलं होतं, ह्या नव्या जिल्ह्यानं घात केला. दिवसभर मी तुला माफ करून बसले होते.

दिवेलागणीला पाकीट पुन्हा हातात घेतलं. चाकूरचा शिक्का बावीसचा. उस्मानाबादचा एकोणीसचा. नांदेडचा सतराचा. आणि आत तुझ्या हातची तारीख नऊ. नांदेडहून चाकूरला पत्र तीन दिवसांत येतं, उस्मानाबादला फिरूनही पाच. बाराला नाहीतर चौदाला आलं असतं, तरी मी तिला गाडीत घालून नेलं असतं. आठ दिवस हे पत्र कुठं होतं?

आणि ते अठ्ठावीस मार्चचं? ‘मला माहीत नाही’ वाचून मी काय समजले, ठाऊक आहे? त्यांच्याकडं भरपूर आहे आणि तुला ते मला सांगवत नाही. ह्यांना मी तसंच सांगितलं. म्हणून आम्ही थांबलो.

तारा


नांदेड
२ मे १९८३

तारा,

पर्समध्ये होतं.

पाकीट चिकटवून, तिकीट लावून आठ दिवस पर्समध्ये होतं. रोज कॉलेजला जाताना पोस्टाची पेटी लागायची. हात पर्सकडे जायचा आणि मला अप्पा दिसायचे, काठावर घागर ठेवून लांब उभे राहिलेले. वाटायचं, दोन्ही पाटलांची अब्रू गेली आणि ती व्यंकटीच्या पोरीनं घालवली असं झालं, तर ह्या उन्हाळ्यात त्यांच्या घागरीत पाणी कोण ओतणार? उद्या टाकू म्हणायचे. एकेक दिवस तसाच गेला.

चौदा एप्रिलला जयंतीसाठी अप्पा इथे आले. सोळाला निघताना मी पाकीट फोडून त्यांना पत्र वाचून दाखवलं. मग म्हणाले, “मला इचारलंस का? घागर माजी हाय. म्या दोन्ही हिरी सोडून चाकुराहून पानी आनलं असतं. माजं नाव फुडं करून भ्यालीस तू.” ते गेल्यावर नव्या पाकिटात घालून सतराला टाकलं. तेव्हाही पत्त्यावर जुना जिल्हाच लिहिला. मोगरी गेल्याचं तोवर ना त्यांना माहीत होतं ना मला. पण ते सांगून आता काय उपयोग?

मी वर्गात महासत्तांना शहाणपण शिकवते. ते एकमेकांवर विश्वास का ठेवत नाहीत, याचं मला हसू यायचं. आता येत नाही. दोन्हीकडचं खरं माहीत असलेली मी एकटी होते आणि मी पेपर काढत बसले. महानंदाला मी सांगितलं की तिला दिलेला शब्द मी मोडला. ती म्हणाली, “मॅडम, आधीच मोडायचा होता.”

तारा, माझं चुकलं. मला तुझी माफी हवी आहे. मागायचा हक्क नाही, तरी मागते.

शीला


(पोस्टकार्ड. शिक्का : चाकूर, ९ सप्टेंबर १९८३)

वन्सं, नमस्कार.

चार महिने लिहिलं नाही. लिहावंसं वाटत नव्हतं.

पाऊस बरा झाला. परवा पोळा झाला. दोन्ही जोड्या तोरणापाशी आल्या आणि शेषेराव भाऊजी म्हणाले, “रामकिशन, तू हो फुडं.” झालं, हे जागीच थांबले. “मीच का? आधी तू हो.” ह्यात काय डाव आहे म्हणून दोघंही हटून बसले. शेवटी बैलच कंटाळून निघाले. कोणाचे आधी गेले ह्यावर गावाचं अजून एकमत नाही.

तुळजाबाईंनी मला एक कालवड दिली. घेतली. घेताना मनात आलंच, ही का देते? अजून उत्तर सापडलं नाही. कालवड गुणी आहे, नाव ठेवलं नाही.

तुमच्या वस्तीवर सरकारी हातपंप बसला. नव्या जिल्ह्यानं एवढं केलं. अप्पा कुणाच्या काठावर उभे राहत नाहीत.

हे कार्ड पोस्टमन वाचेल, गावही वाचेल. वाचू दे. तूही यापुढं कार्डच लिही. आणि वर तारीख घालायची तसदी घेऊ नको. मी शिक्का बघते.

तारा